पान एकसष्ट

छापखान्यात त्यांना सगळे प्रूफवाले काका म्हणत. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा जो ज्ञानकोश आहे, तिथे त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव होतं 'शेवटचं प्रूफ'. त्या नावात थोडी ऐट होती, आणि ती त्यांना ठाऊक होती.

दिवसभर छापखान्यात कायद्याची पुस्तकं, शाळांचे अहवाल, औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं तपासायची, आणि सकाळी कामावर जायच्या आधी दीड तास ज्ञानकोशात बसायचं, हा त्यांचा नऊ वर्षांचा नेम. तिथे कोणीही लेख लिहावा, कोणीही दुरुस्त करावा, आणि दोघांचं पटलं नाही तर लेखामागच्या चर्चापानावर भांडावं. भांडणं कसली? तर 'निधन' म्हणायचं की 'मृत्यू', 'दंगल' म्हणायचं की 'चकमक', अमक्याच्या नावामागचा 'थोर' ठेवायचा की उडवायचा. एका नदीच्या लांबीआधी 'सुमारे' हवं की नको, यावर अकरा जणांनी चार दिवस कीस काढला होता.

थोरल्या बहिणीला, म्हणजे अक्काला, या सगळ्याची गंमत वाटे. ती इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. "तेवढ्या वेळात आम्ही दोन अपेंडिक्स काढून टाके घातले असते," ती म्हणे.

काका हसत. पण त्या पानांवर त्यांचा दरारा होता. ते प्रचालक होते. म्हणजे वाद चिघळला तर पान कुलूपबंद करायचा अधिकार त्यांच्याकडे होता. 'शेवटचं प्रूफ म्हणतात म्हणजे तपासूनच म्हणत असणार,' असं नवखे लिहीत. ते वाचून काकांचा चहा जरा जास्त गोड लागे.

अशातच खाडीतल्या लाँचचा वाद निघाला.

बऱ्याच वर्षांपूर्वी सकाळच्या फेरीला एक प्रवासी लाँच खाडीत उलटली होती आणि एकोणीस माणसं बुडाली होती. ज्ञानकोशात त्यावर आठ ओळींचा लेख होता. पहिली ओळ काकांनीच बसवलेली: 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे लाँच उलटून एकोणीस प्रवाशांचा मृत्यू झाला.' खाली त्या आठवड्यातल्या दोन वर्तमानपत्रांचा संदर्भ. सगळं चोख.

एके दिवशी 'काठावरची' नावाच्या एका नव्या सदस्येनं चर्चापानावर लिहिलं, 'हलगर्जिपणा हा शब्द काढावा. तसं सिद्ध झालेलं नाही. त्या वेळी चौकशी समिती नेमली होती, तिचा अहवाल आहे.'

काकांनी उत्तर दिलं, 'अहवालाचा संदर्भ द्यावा.'

'अहवाल मिळत नाही. बंदराच्या कार्यालयात तीनदा जाऊन आले. जुनी कागदपत्रं नष्ट केली म्हणतात.'

'मग आपल्याकडे असलेल्या संदर्भांवर चालावं लागेल.'

असं तीन आठवडे चाललं. ती कधी 'चूक' हा शब्द सुचवी, कधी 'तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या मते' एवढं तरी जोडा म्हणे. काका नियमांची कलमं दाखवत. ती चिडून काहीबाही लिही. एकदा तर म्हणाली, 'तुम्ही कधी भरल्या लाँचचं सुकाणू हातात धरलंय का?' त्यावर काकांनी लिहिलं, 'भावना हा संदर्भ नव्हे. शिवाय हलगर्जीपणा या शब्दात जी दीर्घ आहे. आधी शब्द नीट लिहावा, मग त्यावर आक्षेप घ्यावा.'

या वाक्याखाली चौघांनी हसरे चेहरे टाकले.

'गोगलगाय' नावाचा एक जुना, सबुरीनं घेणारा सदस्य तेवढा मध्ये पडला. त्यानं लिहिलं, 'अहवाल खरंच असेल तर शोधायला हवा. आठवडाभर थांबू, मग निकाल देऊ.'

काकांनी मनावर घेतलं. शनिवारी छापखाना अर्धा दिवस. दुपारी ते मोठ्या वाचनालयाच्या दस्तऐवज विभागात गेले. अहवालात काय असणार ते त्यांना माहीतच होतं. तो समोर ठेवला की वादाचा कायमचा निकाल लागेल, एवढ्याच हिशेबानं ते गेले. तिथल्या बाईंनी वहीत सही घेतली आणि तासाभरानं एक पिवळी पडलेली, टंकलिखित, एकशे चाळीस पानांची फाइल आणून टेबलावर ठेवली. बंदराच्या कार्यालयातली प्रत गेली असेल. ही वाचनालयात पडून राहिली होती.

काकांनी सवयीनं पेन्सिल हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. साठ पानं जागांची मापं, साक्षीदारांची यादी, पाण्याची पातळी. आणि मग पान एकसष्ट.

माणसं जास्त झाली आहेत, असं सांगून चालकानं त्या सकाळी दोनदा लाँच सोडायला नकार दिला होता. त्याच्या जबानीला दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला होता. धक्क्यावरच्या अधीक्षकानं त्याला नोकरीवरून काढायची धमकी देऊन लाँच सोडायला लावली होती. पान त्रेसष्टवर त्याच चालकाचा, अपघाताच्या अकरा दिवस आधीचा, लेखी तक्रारअर्ज जोडला होता: पाणी उपसायचा पंप बंद आहे, दुरुस्त करून मिळावा. समितीनं शेवटी म्हटलं होतं, 'चालकाचा निष्काळजीपणा हे अपघाताचे कारण होते असे मानता येत नाही.'

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चूक सापडते का ते पाहिलं. सापडली नाही.

त्या क्षणी त्यांना काय वाटलं, हे नंतर त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या माणसाची दया आली का? नाही. आपण चुकलो याचं वाईट वाटलं का? तेही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आले ते चार हसरे चेहरे. आता त्यांच्याच खाली जाऊन 'माझी चूक झाली' असं लिहायचं, आणि तेही ज्या बाईला शुद्धलेखन शिकवलं तिला! त्यांनी फाइल मिटली, दोरी बांधली, परत केली. सोमवारी बघू, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी त्यांनी पान उघडलं नाही. मंगळवारी छापखान्यात काम होतं. म्हणजे रोज असतं तेवढंच होतं. शुक्रवारी गोगलगायीनं लिहिलं, 'आठवडा झाला. कोणालाही अहवाल मिळालेला नाही. आहे ते वाक्य कायम ठेवू या. शेवटचं प्रूफ, तुमचं काय म्हणणं?'

काकांनी एक शब्द लिहिला, 'सहमत.'

काठावरची पुन्हा त्या पानावर दिसली नाही.

पुढचे चौदा महिने काकांनी त्या लेखाकडे फिरकायचं टाळलं. खाडी, बंदर, लाँच असले विषयच सोडून दिले. पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या लेखांमधले स्वल्पविराम नीट करू लागले. तिथे कोणाची मुलगी आडवी येत नव्हती. ती त्या चालकाची मुलगी असणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. 'तीनदा जाऊन आले' असं दुसरं कोण लिहील?

अक्कानं एकदोनदा विचारलं, "हल्ली तिकडे भांडत नाहीस? तब्येत बरी आहे ना?"

"कंटाळा आला," ते म्हणाले.

मग एका बुधवारी छापखान्याच्या व्यवस्थापकानं त्यांच्या टेबलावर एक मोठा कागद पसरला. व्यवस्थापक तिशीतला, सतत घाईत असलेला माणूस. "काका, हे जरा डोळ्यांत तेल घालून बघा. दगडावर कोरायचंय. दगडाला मागून शुद्धिपत्र जोडता येत नाही."

काकांनी चष्मा पुसला. लाँचच्या अपघाताला तीस वर्षं होत होती. स्मृतिसमिती धक्क्यावर शिळा बसवणार होती. मजकुराची आखणी छापखान्याकडे आली होती. वर तारीख, खाली एकोणीस नावं, आणि मधे मोठ्या अक्षरांत: 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे लाँच उलटून एकोणीस प्रवाशांचा मृत्यू झाला.'

जी दीर्घ होती.

"हा मजकूर कोणी दिला?" काकांनी विचारलं.

"समितीनं. इंटरनेटवरून घेतलाय म्हणे. तिथे चर्चा होऊन ठरलेलं वाक्य आहे, म्हणजे पक्कंच. का? काही चुकलंय?"

काकांनी पेन्सिल उचलली. उभ्या आयुष्यात त्यांनी लाखभर पानांवर खुणा केल्या असतील. त्या दिवशी पेन्सिल कागदावर टेकेना. "मला दोन दिवस दे," ते म्हणाले.

"दोन दिवस? एवढासा तर मजकूर आहे काका!"

"दोन दिवस दे म्हटलं ना."

व्यवस्थापकानं कागद तिथेच सोडला. काकांनी आवाज चढवलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

ते तडक वाचनालयात गेले. बाईंनी फाइलबरोबर सहीची वही पुढे केली. त्या फाइलच्या रकान्यात एकच सही होती, चौदा महिन्यांपूर्वीची, त्यांचीच. काकांनी तिच्याखाली दुसरी केली. पान साठ ते सत्तर आणि शेवटचा निष्कर्ष, यांच्या चार प्रती काढून घेतल्या आणि ते समितीच्या चिटणिसांकडे गेले.

चिटणीस औषधाचं दुकान चालवत. त्यांची आई त्या लाँचमध्ये होती. तेव्हा ते कॉलेजात होते. काकांनी काउंटरवर कागद ठेवले. औषधवाल्यांनी एका हातानं गिऱ्हाइकाला गोळ्यांची पट्टी दिली, "जेवणानंतर, उपाशीपोटी नाही," असं सांगितलं आणि दुसऱ्या हातानं पान धरून वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा हात थांबला. दुसरं गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं.

"म्हणजे त्यानं नाही म्हटलं होतं," ते हळूच म्हणाले. "दोनदा."

"हो."

"तीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतोय. रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जातो. आणि अधीक्षक केव्हाच वारला. मग आता मी रागावू कोणावर?" त्यांनी कागद खाली ठेवला. काकांकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला हे मिळालं कधी?"

खरं सांगायची हीच वेळ होती. काकांनी तोंड उघडलं आणि शब्द आले ते असे: "कालच पाहण्यात आलं."

औषधवाल्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "कोण एवढे कष्ट घेतं हो हल्ली? तुमच्यामुळे आमच्या हातून केवढं पाप टळलं!" काका खोकले, तर त्यांनी खोकल्याचं औषध पिशवीत घालून दिलं आणि किंमत घेईनात. ती बाटली घेऊन घरी येताना काकांना आपण चोरी करून चाललोय असं वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. ऐकताना एकदाही थांबली नाही. संपल्यावर मात्र तिनं परात बाजूला सारली.

"तू वाचलं होतंस."

"हो."

"आणि औषधवाल्याला म्हणालास कालच पाहिलं."

काकांनी पिशवीतली खोकल्याच्या औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आमच्याकडे चूक झाली की आधी वहीत लिहायची आणि मग रडायचं," अक्का म्हणाली. "किती वाजता झाली, कोणाच्या हातून झाली, सगळं. एकदा मी कापसाचे बोळे चुकीचे मोजले होते. लिहिलं. दोन वर्षं कोणी माझ्याशी धड बोललं नाही. जा, लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चर्चापान उघडलं. अक्का चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. त्यांनी लिहिलं: 'सदर अहवाल चौदा महिन्यांपूर्वी पाहण्यात आला होता, परंतु तो नमूद करण्याचे राहून गेले.'

"पाहण्यात आला?" अक्का म्हणाली. "कोणाच्या?"

त्यांनी खोडलं. 'मी सदर अहवाल पाहिला होता, परंतु तो नमूद करण्याचे राहून गेले.'

"राहून गेलं? छत्री राहून जाते बसमध्ये."

"अक्का, भाषा जरा औपचारिक ठेवावी लागते तिथे."

"ठेव की. पण खरी ठेव."

काकांनी 'नमूद केला नाही' असं लिहून पाहिलं. मग 'सांगितला नाही'. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा जरा खरा होता, आणि तरी पुरता खरा नव्हता. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांतले पळपुटे शब्द त्यांनी पकडले होते, आता त्यांच्याच बोटांतून तसले शब्द एकामागून एक निघत होते. शेवटी जे उरलं ते असं होतं:

'मी हा अहवाल चौदा महिन्यांपूर्वी वाचला. चालकाने दोनदा नकार दिला होता, हे मला तेव्हाच कळले. तरीही वाद जिंकायचा म्हणून मी तो लपवला आणि त्यानंतर "सहमत" असे लिहिले. काठावरची यांचे म्हणणे बरोबर होते. मी त्यांच्या शुद्धलेखनाची चेष्टा केली. माझा प्रचालकपदाचा अधिकार काढून घ्यावा. पाने सोबत जोडली आहेत.'

अक्कानं वाचलं. कप टेबलावर ठेवून ती आत गेली. काकांनी 'जतन करा'वर बोट दाबलं.

संध्याकाळपर्यंत पानावर गर्दी झाली. कोणी लिहिलं, 'धाडस लागतं.' ते वाचून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी त्यांची नऊ वर्षांतली इतर संपादनं तपासायला हवीत म्हणून यादी करायला घेतली, आणि ते रास्तच होतं. गोगलगायीनं मात्र दोनच ओळी लिहिल्या: 'मी आठवडाभर थांबलो होतो, तो तुमच्यासाठी थांबलो होतो. तुम्हीच वाचनालयात जाल असं वाटलं होतं.'

औषधवाल्यांचा फोन शुक्रवारी आला. "त्या पानावर वाचलं मी. तुम्ही मला 'कालच पाहिलं' असं म्हणाला होतात."

"खोटं बोललो."

"शिळेवर आता नुसती तारीख आणि नावं येतील," औषधवाले म्हणाले. "समितीनं ठरवलं. बाकी काही नाही." आणि फोन ठेवला.

लेखाच्या नव्या पहिल्या ओळीवर नऊ दिवस चर्चा चालली. 'धमकी' की 'दबाव'? 'नकार' की 'आक्षेप'? पंपाचा उल्लेख पहिल्या ओळीत की दुसऱ्या? काकांनी त्यात तोंड घातलं नाही. अधिकार गेले होते. लिहायला मनाई नव्हती, पण ते नुसतं वाचत राहिले. शेवटी 'धमकी' राहिली आणि 'नकार'ही राहिला. 'दोनदा' या शब्दावर कोणी वाद घातला नाही.

काठावरचीला त्यांनी खाजगी निरोप पाठवला होता: भेटून माफी मागायची आहे. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. एक पत्ता, आणि खाली: 'रविवारी साडेनऊला. अकराला माझी शिकाऊ येते.'

पत्त्यावर मोटार शिकवायची शाळा निघाली. खाली छोटं कार्यालय, वर राहतं घर. पन्नाशीकडे झुकलेली, केस आखूड कापलेली एक बाई दारातच उभी होती. तिनं काकांना नखशिखांत पाहिलं आणि बाहेर उभ्या गाडीकडे बोट केलं. "आत बसून बोलू. वर बाबा आहेत."

गाडीला दोन्ही बाजूंना ब्रेक होते. काका चुकून चालकाच्या जागी बसले. उतरायला गेले तर ती म्हणाली, "असू दे."

काकांनी घरून वाक्यं ठरवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना. "मी तुमच्याशी फार वाईट वागलो," एवढंच निघालं.

"हो," ती म्हणाली. "तो शब्द मी नंतर शंभर वेळा लिहिला असेल. दीर्घ जी. दुकानांच्या पावत्यांच्या मागे, वर्तमानपत्राच्या कडेला. वाटायचं, तेवढी जी नीट लिहिली असती तर तुम्ही ऐकलं असतं."

काकांनी सुकाणूच्या चाकावर हात ठेवले होते, ते त्यांनी मांडीवर घेतले.

"पान एकसष्ट मी बाबांना वाचून दाखवलं," ती पुढे म्हणाली. "त्यांना सगळं ठाऊकच होतं की. साक्ष त्यांचीच. ऐकलं, 'बरोबर आहे' म्हणाले, आणि रेडिओ लावला. मला वाटलं होतं रडतील. काहीतरी होईल. काही नाही."

"मी त्यांना भेटून सांगतो. माझ्यामुळे चौदा महिने..."

"नाही." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तेवढ्याचसाठी तुम्हाला आधी खाली गाठलं. बाबांना ज्ञानकोश माहीत नाही, तुम्ही माहीत नाही. तुम्ही सांगाल, ते म्हणतील 'जाऊ दे, होतं असं'. लगेच म्हणतील. तीस वर्षं तेच करत आलेत. शेजारी, नातेवाईक, बंदराचे साहेब, सगळ्यांना. आता आणखी एकाला माफ करायचं काम त्यांच्यामागे लावू नका. तुमचं तुम्ही सांभाळा."

"आणि तुम्ही? तुम्ही मला..."

"माझं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली आणि दार उघडून उतरली. "चहा घेऊन जा. वर गाडीच्या दाराचा आवाज गेलाय, कोण आलंय म्हणून विचारतील."

वरची खोली लहान, स्वच्छ. खिडकीशी खुर्चीत ऐंशीच्या घरातला एक सडसडीत म्हातारा बसला होता. मांडीवर रेडिओ, आवाज बारीक. त्यानं काकांना पाहिलं आणि चेहरा उजळला. "या, या. शिकायला आलात? या वयात? छान! लाजायचं नाही अजिबात."

काकांनी मुलीकडे पाहिलं. ती कपांत चहा ओतत होती. पाठमोरीच म्हणाली, "हो, शिकायला आलेत. जरा जड जाणारे."

"जाईना का. ही शिकवते चांगली. तापट आहे तेवढं सोसा." म्हातारा हसला. "काय काम करता?"

"छापायच्या आधी वाचतो. चुका काढतो."

"बरं काम आहे. सावकाशीचं." त्यानं बशीत चहा ओतून घेतला, फुंकला. "एक सांगू? गाडी शिकताना माणसं वेगाला भितात. भ्यायचं ते मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना. आपल्याला वाटलं ना, की आता पुढं जायचं नाही, तर थांबायचं. मागचे ओरडतील, बोंबलतील. बोंबलू द्यायचं." त्यानं बशी खाली ठेवली. "मी एकदा थांबलो नाही."

काकांच्या पोटातलं सगळं ओठांवर आलं. तुम्ही दोनदा थांबला होतात, असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पान सांगायचं होतं, ओळ सांगायची होती. मी ते वाचलं आणि मिटून ठेवलं, हेही. मुलगी कपबशी हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी होती.

"लक्षात ठेवीन," काका म्हणाले.

"चहा गार होतोय तुमचा."

त्यांनी चहा प्यायला. म्हाताऱ्यानं रेडिओचा आवाज वाढवला. हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या, आणि वाऱ्याचा वेग सांगेपर्यंत तो एका हाताची बोटं वर धरून सगळ्यांना गप्प करत होता. ते झाल्यावर त्यानं समाधानानं मान डोलावली आणि पुढच्या रविवारी जरा लवकर या, रस्ता रिकामा असतो, असं काकांना सांगितलं.

काका जिना उतरले तेव्हा अकरा वाजत आले होते. खाली एक पोरसवदा मुलगी शिकायला येऊन उभी होती. मागोमाग उतरलेल्या बाईंनी तिला गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, आणि काच खाली करून काकांना म्हणाल्या, "बाबा पुढच्या रविवारी विचारतील, कुठे गेले ते गृहस्थ म्हणून."

"मग?"

"मग काय, मला खोटं बोलावं लागेल. मला ते आवडत नाही."

गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. शिकणाऱ्या मुलीनं घाबरून पाहिलं, आणि बाई तिला काहीतरी हळू आवाजात समजावू लागल्या. काका फुटपाथवर उभे राहिले. हो म्हणावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. ही शिक्षा आहे की सवलत, तेही कळत नव्हतं. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली. मग ते घराच्या दिशेनं चालू लागले. अक्काला काय सांगायचं याची मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्यातून आपण कुठे निसटतोय का ते तपासत होते.